थंडी, आठ सिलिंडर आणि घसरलेला अ‍ॅव्हरेज

अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत आणि कॅनडात डिसेंबर लागला की पिकअप ट्रकच्या मालकांची एक तक्रार हमखास सुरू होते. उन्हाळ्यात बरा अ‍ॅव्हरेज देणारी गाडी एकाएकी पेट्रोल प्यायला लागते. त्याच सुमारास डॅशबोर्डवरची एक खूणही दिसेनाशी होते. मोकळ्या रस्त्यावर पाय हलका ठेवला की 'व्ही-८' पुसून 'व्ही-४' अशी अक्षरे उमटायची. आता मैलच्या मैल गेले तरी ती उमटत नाहीत. दोन्ही गोष्टी बरोबरच घडतात, त्यामुळे निष्कर्ष लगेच निघतो: थंडीत इंजिन चार सिलिंडरांवर येत नाही, म्हणून पेट्रोल जास्त लागते.

निरीक्षण बरोबर आहे, निष्कर्ष मात्र अर्धाच खरा आहे. थंडी सिलिंडर बंद ठेवण्याची सोय हिरावून घेते, पण अ‍ॅव्हरेज घसरतो त्यात या सोयीचा वाटा लहान असतो. मोठा वाटा थंडी थेट घेते, आणि ज्या गाड्यांत ही सोय नाही त्यांच्याकडूनही घेते. हे नीट समजले तर गाडीवाल्याचे पैसे वाचतात, नको त्या दुरुस्त्या टळतात आणि या तंत्राबद्दलचे गैरसमजही दूर होतात. शिवाय हेच तंत्र डिझेल ट्रकमध्ये गेले की थंडीशी त्याचे नाते पार उलटे होते. म्हणून सगळ्या प्रश्नाचा एकत्र आढावा घ्यायला हवा.

अर्धे इंजिन झोपवण्याची कल्पना

शेव्हरोले सिल्व्हरॅडोच्या ५.३ लिटर व्ही-८ इंजिनाची ताकद ३५५ अश्वशक्ती आहे. सपाट महामार्गावर ताशी शंभर किलोमीटरने रिकामी गाडी चालवायला त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास ताकद पुरते. बाकीची ताकद चढासाठी, मागे जोडलेल्या ट्रेलरसाठी आणि ओव्हरटेक करण्यासाठी राखीव पडून असते. पेट्रोल इंजिनात ताकद कमी करायची म्हणजे हवेची वाट अडवायची. थ्रॉटलची झडप जवळजवळ बंद असताना आठही पिस्टन तिच्यामागून हवा ओढत राहतात. नाकावर जाड रुमाल बांधून श्वास घेण्यासारखे हे काम आहे. हवा ओढण्यातच इंधन खर्च होते आणि चाकांना त्याचा काहीच उपयोग नसतो.

यावरचा उपाय म्हणजे चार सिलिंडर बंद करणे आणि उरलेल्या चारांकडून दुप्पट काम घेणे. तेवढ्यासाठी थ्रॉटल जास्त उघडावा लागतो, त्यामुळे हवा ओढण्यात वाया जाणारी ताकद वाचते. कॅडिलॅकने १९८१ साली 'व्ही ८-६-४' नावाने हा प्रयोग बाजारात आणला. रॉकर आर्मवर बसवलेली विजेची सॉलेनॉइड व्हॉल्व्ह निष्क्रिय करीत. त्या काळचे संगणक या कामाला अपुरे होते. इंजिन धक्के देई, ग्राहक वैतागत, आणि बहुतेक मॉडेलांतून हे इंजिन वर्षभरातच काढून टाकावे लागले.

कल्पना मात्र मेली नाही. २००४-०५ मध्ये क्रायस्लरने ५.७ लिटरच्या हेमी इंजिनात ती परत आणली आणि पुढे रॅम पिकअपमध्ये ती आली. जनरल मोटर्सने त्याच सुमारास ५.३ लिटर इंजिनात ती बसवली आणि नंतर तिला 'अ‍ॅक्टिव्ह फ्युएल मॅनेजमेंट' असे नाव दिले. २०१९ च्या सिल्व्हरॅडोत 'डायनॅमिक फ्युएल मॅनेजमेंट' ही पुढची पायरी आली. तीत ठरावीक चार सिलिंडरांचे बंधन गेले. आठांपैकी कोणताही सिलिंडर गाळता येतो आणि गरजेनुसार सतरा प्रकारच्या जुळण्या वापरता येतात. २०२१ पासून फोर्डच्या एफ-१५० मधल्या ५ लिटर इंजिनातही सिलिंडर बंद ठेवण्याची सोय आहे. कॅडिलॅकच्या पहिल्या प्रयोगानंतर व्हॉल्व्ह थांबवण्याची रीत बदलली. विजेच्या सॉलेनॉइडची जागा इंजिन ऑइलच्या दाबाने घेतली, आणि थंडीचा प्रश्न तिथूनच आत शिरला.

ऑइलने उघडणारी कडी

जनरल मोटर्सच्या जुन्या पद्धतीत पहिला, चौथा, सहावा आणि सातवा असे चार सिलिंडर झोपतात. प्रत्येकाला दोन व्हॉल्व्ह, आणि प्रत्येक व्हॉल्व्हमागे एक खास लिफ्टर. बोटभर लांबीचा हा लिफ्टर आतून दोन भागांचा असतो. बाहेरचे कवच कॅमशाफ्टबरोबर वरखाली होते आणि आतला भाग पुशरॉडला ढकलतो. दोन्ही भाग एकत्र बांधायला आत स्प्रिंगच्या जोरावर बाहेर आलेले लहान खिळे असतात. संगणकाचा हुकूम आला की सॉलेनॉइड उघडते, ऑइलचा दाब खिळ्यांवर येतो आणि खिळे आत सरतात. कडी निघते. कवच आतल्या भागावरून नुसतेच वरखाली सरकत राहते, पुशरॉड जागचा हलत नाही, व्हॉल्व्ह बंदच राहतो. आत कोंडलेला वायू पिस्टनबरोबर दाबला जातो आणि परत फुलतो, त्यामुळे तिथे ऊर्जेची नासाडी फारशी होत नाही.

आता वेळेचा हिशेब पाहू. मिनिटाला १५०० फेऱ्यांच्या गतीला कॅमशाफ्टची एक फेरी ८० मिलिसेकंदांत संपते. लिफ्टर कॅमच्या गोल बाजूवर असतो तेव्हाच खिळ्यांवर भार नसतो, आणि कडी तेवढ्याच वेळात निघायला किंवा बसायला हवी. म्हणजे हातात त्या ८० मिलिसेकंदांपैकी निम्म्याच्या आसपास वेळ उरतो. ऑइल गरम आणि पातळ असेल तर हे आरामात जमते. ऑइल थंडीने घट्ट झाले असेल तर सॉलेनॉइडपासून लिफ्टरपर्यंतच्या बारीक वाटांतून दाब पोचायला उशीर होतो. खिळा अर्धवट सरकलेला असतानाच कॅम वर उचलू लागला, तर सगळा भार खिळ्याच्या कडेवर येतो. असे पुन्हा पुन्हा झाले की कड झिजते, टकटक आवाज सुरू होतो आणि शेवटी लिफ्टर जातो.

म्हणूनच कंपन्यांनी सॉफ्टवेअरमध्ये पहारा ठेवला आहे. कूलंटचे तापमान, ऑइलचे तापमान आणि दाब, गिअर, गाडीचा वेग, लागणारी ताकद, असे सगळे ठरावीक मर्यादेत बसल्याशिवाय सिलिंडर बंद करायची परवानगी मिळत नाही. थंडीत 'व्ही-४' दिसत नाही तेव्हा बहुतेक वेळा बिघाड झालेला नसतो. इंजिन स्वतःला सांभाळत असते.

यातली एक बारीक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. डॅशबोर्डवरचा काटा कूलंटचे तापमान दाखवतो, ऑइलचे नाही. कूलंट लवकर तापते. ऑइल खाली संपमध्ये असते, त्या पत्र्यावर बाहेरची गार हवा आदळत राहते, म्हणून ते मागे रेंगाळते. काटा मध्यावर आला तरी आतले ऑइल पुरते तापलेले नसते. गाडी गरम झाली तरी सिलिंडर बंद का होत नाहीत, या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा इथेच सापडते.

थंडी आणखी काय काय काढून घेते

ऑइलचा अडथळा हा पहिला. दुसरा धुराचा. सेल्फ मारल्यावर पहिली काही मिनिटे संगणकाचे लक्ष कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापवण्याकडे असते. त्यासाठी इंजिन जास्त गतीवर ठेवले जाते आणि ठिणगी मुद्दाम उशिरा पाडली जाते. तेव्हा आठही सिलिंडरांचा गरम धूर हवा असतो. तिसरा अडथळा कंपनांचा. चार सिलिंडरांवर इंजिन जास्त थरथरते. ही थरथर शोषून घेणारे रबराचे माउंट थंडीत ताठरतात, त्यामुळे ती आत जाणवते.

चौथा अडथळा सर्वांत मोठा आहे, आणि तो इंजिन पुरते तापल्यावरही राहतो. चार सिलिंडरांवर चालायचे तर लागणारी ताकद एका मर्यादेखाली हवी. हिवाळ्यात ही मागणीच वाढते. उणे २० अंशांची हवा २० अंशांच्या हवेपेक्षा सुमारे १६ टक्के जास्त घन असते, म्हणजे त्याच वेगाला हवेचा अडसर तेवढाच वाढतो. पिकअपचा उभा, चौकोनी दर्शनी भाग लक्षात घेता महामार्गावर ही वाढ लहान नाही. टायरमधला दाब दर साडेपाच अंशांना सुमारे एक पीएसआयने उतरतो. मागच्या अ‍ॅक्सलमधले आणि गिअरबॉक्समधले ऑइल घट्ट होते. टॉर्क कन्व्हर्टर लॉक व्हायला वेळ लागतो. रस्त्यावर बर्फ, पायाखाली हिवाळी टायर, चारही चाकांना ओढ, वर सीटचे हीटर, काचेचे हीटर, पंखा आणि दिवे. एकेक ओझे लहान आहे, पण त्यांची बेरीज चार सिलिंडरांच्या मर्यादेपलीकडे जाते आणि इंजिन आठांवर परतते. नव्या पद्धतीच्या सतरा जुळण्यांचा इथे फायदा होतो. चार जमले नाहीत तर मधल्या एखाद्या जुळणीवर इंजिन टिकू शकते. पण ऑइल थंड असेल तर ही सवलतही मिळत नाही.

थंड हवेचा आणखी एक परिणाम आहे. घन हवेत ऑक्सिजन जास्त असतो, म्हणून तेवढ्याच ताकदीला थ्रॉटल आणखी मिटावा लागतो आणि हवा ओढण्याचा खर्च थोडा वाढतो. म्हणजे सिलिंडर बंद ठेवण्याचा फायदा ज्या वेळी जास्त झाला असता, नेमकी त्याच वेळी ती सोय हाताशी नसते. हिवाळ्यातल्या लांब प्रवासात, सगळी ऑइले तापल्यावर, वारा नसलेल्या सपाट रस्त्यावर ही सोय पुन्हा कामाला लागते. तेव्हा तिची किंमत कळते.

वाटा किती?

सिलिंडर बंद ठेवण्याची सोय मुळात किती वाचवते, याचा एक दाखला २०२१ साली परिस्थितीनेच पुरवला. जगभर चिपचा तुटवडा असताना जनरल मोटर्सने ५.३ लिटरचे काही पिकअप या सोयीच्या मॉड्यूलशिवाय विकायला काढले, आणि त्यामुळे अ‍ॅव्हरेज गॅलनला सुमारे एक मैलाने घटेल असे सांगितले. सतरा-अठराच्या आसपास अ‍ॅव्हरेज देणाऱ्या गाडीत एक मैल म्हणजे साडेपाच-सहा टक्के. वर्षभर ही सोय एकदाही चालली नाही, तरी तोटा साधारण एवढाच.

दुसरीकडे थंडीचा हिशेब आहे. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या माहितीनुसार, २५ अंश सेल्सिअसच्या तुलनेत उणे ७ अंशांना साध्या पेट्रोल गाडीचा शहरातला अ‍ॅव्हरेज सुमारे १५ टक्क्यांनी घसरतो. तीन-चार मैलांच्या छोट्या फेरीत ही घट २४ टक्क्यांपर्यंत जाते. हा आकडा सर्वसाधारण गाड्यांचा आहे, त्यांतल्या बहुतेकांत सिलिंडर बंद ठेवण्याची सोयच नाही. गॅलनला १७ मैल देणाऱ्या ट्रकला तो लावला तर शहरातली घट अडीच मैलांची आणि छोट्या फेरीतली घट चार मैलांची होते. त्यातला सिलिंडरांचा वाटा फार तर एक मैल. शहरातल्या थांबत-थांबत चालण्यात ही सोय एरवीही कमीच कामाला येते, त्यामुळे खरा वाटा त्याहून लहान.

उरलेला तोटा कुठे जातो? घट्ट ऑइलचे घर्षण, जास्त पेट्रोल मिसळून चालणारे गार इंजिन, उभ्या गाडीत 'गरम होऊ दे' म्हणून जाळलेले इंधन, वर सांगितलेली सगळी ओझी, आणि हिवाळ्यात विकले जाणारे पेट्रोल. थंडीत गाडी सहज सुरू व्हावी म्हणून हिवाळी पेट्रोल अधिक उडनशील बनवतात, आणि त्यात प्रत्येक गॅलनमागे ऊर्जा थोडी कमी असते. अमेरिकेत जवळजवळ ६० टक्के फेऱ्या सहा मैलांहून लहान असतात. किराणा, शाळा, ऑफिस, परत घर. अशा फेरीत इंजिन तापते तोवर प्रवास संपतो आणि तापवलेली सगळी उष्णता पार्किंगमध्ये उडून जाते.

म्हणून सिलिंडरांकडे बघत बसण्याऐवजी उष्णतेचा हिशेब मांडायला हवा. ज्याच्या इंजिनात लवकर उष्णता येते आणि टिकते, त्याचा अ‍ॅव्हरेज टिकतो. सिलिंडर बंद होणे हे त्या उष्णतेच्या मागून येणारे फळ आहे.

या हिशेबातून एका जुन्या वादाचाही निकाल लागतो. लिफ्टर निकामी होण्याच्या तक्रारी अमेरिकेत मोठ्या संख्येने झाल्या आहेत, दावे न्यायालयांतही गेले आहेत. त्यामुळे अनेक मालक डॅशबोर्डखालच्या सॉकेटमध्ये एक छोटे उपकरण खोचून इंजिन कायम आठ सिलिंडरांवर ठेवतात. वर्षाच्या सरासरीत त्यांना गॅलनमागे एखादा मैल गमवावा लागेल. हिवाळ्यातल्या छोट्या फेऱ्यांत मात्र त्यांचे जवळजवळ काहीच जात नाही, कारण ती सोय तेव्हा तशीही बंदच असते. उलट बाजूने, थंडीत अ‍ॅव्हरेज पडला म्हणून लिफ्टर आणि सॉलेनॉइड बदलून घेण्यातही अर्थ नाही. बिघाडाची खूण इंजिनाचा दिवा, टकटक आवाज आणि मिसफायर ही आहे. नुसते आठ सिलिंडरांवर चालणे ही नव्हे.

ऑइलचा डबा नीट वाचा

ऑइलच्या डब्यावरच्या ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-२० या आकड्यांत डब्ल्यू म्हणजे हिवाळा. एसएई या संस्थेच्या जे-३०० या प्रमाणानुसार ०डब्ल्यू ऑइलची सेल्फ फिरवण्याची कसोटी उणे ३५ अंशांना, ५डब्ल्यूची उणे ३० अंशांना आणि १५डब्ल्यूची उणे २० अंशांना घेतली जाते. दुसरा आकडा इंजिन तापल्यावरचा जाडपणा सांगतो. सिलिंडर बंद ठेवणारी यंत्रणा ठरावीक ऑइल गृहीत धरूनच आखलेली असते, म्हणून हेमीला ५डब्ल्यू-२० आणि सिल्व्हरॅडोच्या नव्या व्ही-८ ला ०डब्ल्यू-२० असे स्पष्ट सांगितलेले असते. 'इंजिन जुने झाले, आता जाड ऑइल घाला' हा सल्ला आपल्याकडच्या गॅरेजांत सर्रास मिळतो, आणि तो कानात घेऊन परदेशी गेलेली माणसेही आहेत. एडमंटन किंवा मिनियापोलिसच्या जानेवारीत हा सल्ला अंगाशी येतो. खिळे उशिरा हलतात, अ‍ॅव्हरेज आणखी पडतो. कंपनीने स्वतः ऑइल बदलायला सांगितले तर गोष्ट वेगळी. २०२५ मध्ये जनरल मोटर्सने ६.२ लिटर व्ही-८ इंजिनांच्या अंतर्भागातील दोषासाठी अमेरिकेत सुमारे ६ लाख गाड्या परत बोलावल्या आणि तपासणीत पास झालेल्या इंजिनांत ०डब्ल्यू-४० घालायला सांगितले. तिथेही तापल्यावरचा जाडपणा वाढवला, पण पुढचा शून्य तसाच ठेवला.

डिझेलमध्ये उलटा न्याय

आता मोठ्या मालवाहू ट्रकांकडे वळू. डिझेल इंजिनात पेट्रोल इंजिनासारखा थ्रॉटल नसतो, ताकद इंधनाच्या मात्रेने ठरते. त्यामुळे हवा ओढण्यातली बचत तिथे लहान. मग सहा सिलिंडरांच्या डिझेलमध्ये तीन बंद ठेवण्यासाठी जेकब्ज, ईटन आणि कमिन्ससारख्या कंपन्या एवढी खटपट का करतात? कारण थंडी आणि धूर.

डिझेलच्या धुरातले नायट्रोजन ऑक्साइड काढायला एससीआर यंत्रणा लागते. २०२० पासून बीएस-६ मुळे आपल्याकडच्या ट्रकांतही ती आहे आणि ड्रायव्हर तिच्या द्रवाला नुसते 'युरिया' म्हणतात. धूर २०० अंशांच्या आसपास तापल्याशिवाय ही यंत्रणा नीट काम करीत नाही. हलक्या भारावर डिझेल गरजेपेक्षा कितीतरी जास्त हवा ओढते आणि ती फालतू हवा धूर गार करते. हिवाळ्यात, रिकाम्या ट्रकात, बंदराच्या किंवा गोदामाच्या रांगेत सरकताना धूर पुरेसा तापतच नाही. मग इंजिन जादा इंधन जाळून धूर तापवते. तीन सिलिंडर बंद केले तर तेवढेच इंधन निम्म्या हवेत जळते, धूर बराच जास्त गरम होतो आणि एससीआर जागी राहते. तापवण्यासाठी जाळले जाणारे इंधनही वाचते.

हा मुद्दा तातडीचा झाला तो नियमांमुळे. अमेरिकेत २०१० पासून नायट्रोजन ऑक्साइडला प्रति अश्वशक्ती-तास ०.२ ग्रॅम ही मर्यादा होती. पर्यावरण संरक्षण संस्था ईपीएने डिसेंबर २०२२ मध्ये २०२७ साठी ती ०.०३५ वर आणली आणि हलक्या भारावरची वेगळी चाचणीही घातली. कॅलिफोर्नियाने त्याआधीच आणखी कडक नियम केले होते. सॅन अँटोनियोच्या साउथवेस्ट रिसर्च इन्स्टिट्यूटने कॅलिफोर्नियासाठी केलेल्या कामात कमिन्सच्या १५ लिटर इंजिनावर सिलिंडर बंद ठेवण्याचे तंत्र वापरून हे साधता येते का, हे पाहिले. पिकअपमध्ये जी युक्ती थंडीला घाबरून बाजूला होते, तीच ट्रकमध्ये थंडीवरचे औषध ठरते. दोन्हीकडे मूळ प्रश्न उष्णतेचाच आहे. पेट्रोलमध्ये ती आधी मिळवावी लागते, डिझेलमध्ये ती टिकवावी लागते.

मग करायचे काय?

पहिला उपाय ब्लॉक हीटरचा. विनिपेग, एडमंटन, फेअरबँक्स अशा गावांत गाडीच्या जाळीतून बाहेर लोंबणारी विजेची वायर आणि पार्किंगमधले प्लगचे खांब ही रोजची दृश्ये आहेत. कॅनडाच्या नैसर्गिक संसाधन विभागाच्या म्हणण्यानुसार उणे २० अंशांना ब्लॉक हीटरमुळे अ‍ॅव्हरेज १० टक्क्यांपर्यंत सुधारतो, म्हणजे सिलिंडर बंद ठेवण्याच्या सोयीपेक्षाही जास्त. रात्रभर वीज जाळायची गरज नाही. टायमर लावून निघण्याआधी दोन तास पुरतात.

दुसरा उपाय कामे एकत्र करण्याचा. तीन वेगळ्या गार फेऱ्यांऐवजी एक लांब फेरी केली की इंजिन एकदाच तापवावे लागते. तिसरा, उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवू नये. अर्ध्या मिनिटात निघावे आणि पहिले काही मैल सावकाश चालवावे. रिमोटने पंधरा मिनिटे आधी सुरू केलेली गाडी त्या पंधरा मिनिटांत शून्य अ‍ॅव्हरेज देते. चौथा, टायरमधला दाब दर थंडीच्या लाटेनंतर तपासावा. पाचवा, सांगितलेलेच ऑइल, वेळेवर.

कंपन्यांकडे आणि सरकारकडेही मागण्यासारखे आहे. ऑइलचे तापमान दाखवणारा आकडा प्रत्येक पिकअपमध्ये हवा, म्हणजे सिलिंडर का बंद होत नाहीत हे मालकाला कळेल. जाळीमागच्या आपोआप मिटणाऱ्या झडपा आणि इंजिनाच्या उष्णतेने गिअरबॉक्सचे ऑइल तापवणारी व्यवस्था रॅम १५०० मध्ये २०१३ पासून येऊ लागली; थंड प्रदेशांत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक ट्रकात ती असायला हवी. आणि लेबलचेही बघा. ईपीएच्या पाच चाचण्यांपैकी एक उणे ७ अंशांची आहे, पण तिचा परिणाम सरासरीत विरघळून जातो. अनेक मॉडेलांचा आकडा तर दोनच चाचण्यांवरून सूत्राने काढला जातो. नॉर्थ डकोटात गाडी घेणाऱ्याला थंडीतला अ‍ॅव्हरेज वेगळा छापून मिळाला, तर पहिल्याच हिवाळ्यात तो फसवल्याच्या भावनेने गॅरेज गाठणार नाही आणि चांगल्या लिफ्टरवर हजारो डॉलर उधळणार नाही. तेवढी माहिती हा त्याचा हक्क आहे, आणि तो देणे फारसे अवघडही नाही.